मरायला हवा होता तो जंतू

वर्गात सगळे त्यांना काकू म्हणत. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "या काकू कुणाला सोडायला आल्यात?" काकूंचे कान तिखट. त्या वळून म्हणाल्या, "स्वतःलाच. संध्याकाळी न्यायलाही मीच येणार आहे." वर्ग हसला. नाव चिकटलं. पुढे एकदा हजेरी घेताना मॅडमही काकू म्हणून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

काकू अडतिशीच्या. त्याआधीची सगळी नोकरी एका मालवाहतूक कंपनीत गेली. कोणत्या गोदामातून कोणता ट्रक निघावा, कोणत्या रस्त्याने जावा, कुठे किती माल उतरवावा, हे ठरवणारा प्रोग्राम त्या लिहीत. काम चांगलं होतं. साहेब चांगले होते. पगार वेळेवर होता. मग एके दिवशी रक्त तपासायला गेल्या आणि घोळ झाला.

रक्त देऊन बाहेर बसल्या होत्या. समोरच्या भिंतीवर एक मोठा नकाशा होता. शेकडो ठिपके, शेकडो बाण. काकूंना वाटलं, एखाद्या शहराचे रस्ते असतील. सवयीने त्या कोंडी शोधू लागल्या. डावीकडचा एक बाण त्यांना संशयास्पद वाटला. तिथून बाहेर पडायला एकच वाट होती. रक्त काढणाऱ्या बाईंना त्यांनी विचारलं, "हे कुठलं गाव?"

"गाव नाही हो. पेशी आहे. पेशीत काय काय बनतं, कशापासून बनतं, त्याचा तक्ता आहे तो."

"म्हणजे एवढी वाहतूक एका पेशीत?"

"असेल. आम्ही फक्त साखर बघतो."

काकूंची साखर ठीक निघाली. डोकं मात्र ठिकाणावर राहिलं नाही. महिनाभर त्या नवऱ्याला एकच विचारत राहिल्या. "अहो, तो डावीकडचा रस्ता बंद पडला तर पेशी काय करत असेल?" नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. तो काच घासता घासता म्हणे, "मला विचारू नकोस, पेशीला विचार." शेवटी तोच म्हणाला, "दोन वर्षं शीक. घर मी ओढतो. पण तिसरं वर्ष नाही गं. तिसऱ्या वर्षाला माझं दुकान पुरायचं नाही."

असं ठरलं. काकू नोकरी सोडून बायोइन्फर्मॅटिक्स आणि सिस्टिम्स बायोलॉजीच्या, म्हणजे पेशीचा हिशोब कॉम्प्युटरवर मांडायला शिकवणाऱ्या, एम.एस्सी.ला बसल्या.

पहिले सहा महिने हाल झाले. प्रोग्राम लिहिण्यात त्या पोरांच्या दहा पावलं पुढे. जीवशास्त्रात मात्र शाळेतल्या बेडकापाशी थांबलेल्या. प्रथिन म्हणजे अंडं, एवढीच जमेची बाजू. पोरांचं उलट. म्हणून सौदा झाला. पोरांनी काकूंना पेशी शिकवली, काकूंनी पोरांना गणित. दुसऱ्या वर्षी प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांना तो भिंतीवरचा नकाशाच हवा होता.

प्रकल्प असा होता. एका साध्या, निरुपद्रवी जंतूच्या पोटात चालणाऱ्या सगळ्या रासायनिक पायऱ्या कॉम्प्युटरमध्ये मांडायच्या. खायला काय मिळतं ते सांगायचं. मग एकेक जनुक बंद करायचं. जनुक बंद म्हणजे एक रस्ता बंद. आणि विचारायचं, आता हा जंतू जगेल की मरेल? कॉम्प्युटर उत्तर देणार. तेच खऱ्या जंतूला करून बघायचं काम वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये. तिथे पीएच.डी. करणारा एक उंच, चिडका मुलगा दिवसभर काचेच्या बशांमध्ये जंतू वाढवायचा. त्याला सगळे प्लेटवाला म्हणत. कॉम्प्युटर आणि प्लेट यांचं उत्तर जुळलं तर हिरवा ठिपका. नाही जुळलं तर लाल.

काकूंच्या पडद्यावर हिरवळ माजली होती. लाल ठिपके मोजकेच. त्यांतले सात एकाच जागी गोळा झालेले.

ती सातही जनुकं एकच जीवनसत्त्व बनवण्याच्या कामाची. जंतूला ते लागतंच. खाण्यात ते दिलेलं नव्हतं. म्हणजे जनुक काढलं की रस्ता बंद, जीवनसत्त्व बंद, खेळ खलास. कॉम्प्युटर म्हणत होता, मेला. प्लेटवर मात्र सातही जण मजेत वाढलेले. पांढरे, गोल, गुबगुबीत ठिपके.

काकू त्या सात ठिपक्यांचा कागद घेऊन वर गेल्या.

"हे बघ बाबा. तुझ्या बशीत बाहेरचं काहीतरी शिरलंय."

प्लेटवाल्याने मानही वर केली नाही. "माझ्या बशीत माझ्या परवानगीशिवाय काही शिरत नाही."

"मग हे जगले कसे?"

"ते त्यांना विचारा. मी फक्त वाढवतो."

"जनुक नीट काढलं होतंस ना?"

आता मात्र त्याने मान वर केली. "काकू, तुमच्या गणितात चूक असेल हे आधी सुचत नाही का तुम्हाला?"

"सुचलं. तपासलं. नाहीये."

"मग माझ्यात चूक आहे हे कसं ठरलं?"

भांडण तिथेच मिटलं नाही. दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी प्लेटवाला खाली आला. त्याने सातही जंतूंचं जनुक पुन्हा तपासलं होतं. जनुक खरंच नव्हतं. बाहेरचा जंतूही नव्हता. कागद टेबलावर ठेवून तो म्हणाला, "आता बोला." काकूंनी त्याला आपल्या डब्यातलं अर्धं दिलं. ती माफी होती. त्यालाही ते कळलं.

पण मग जंतू जगले कसे?

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमच होत्या. त्यांना फारशी काळजी वाटली नाही. त्यांनी असे लाल ठिपके खूप पाहिले होते. "ठिगळ लाव," त्या म्हणाल्या. या धंद्यात ही रीतच आहे. कॉम्प्युटरमधलं मॉडेल म्हणतं जंतू मेला, प्लेट म्हणते जगला. मग मॉडेलमध्ये कुठेतरी एक रस्ता राहून गेला असणार असं धरायचं. दुसऱ्या कुठल्यातरी जंतूत सापडणारी एखादी पायरी उचलायची आणि आपल्या जंतूत बसवायची. कोणतं ठिगळ सर्वांत स्वस्तात बसेल ते कॉम्प्युटरच सांगतो. लाल ठिपका हिरवा होतो. सगळे घरी जातात.

काकूंनी ठिगळ लावलं. एका झटक्यात सातही ठिपके हिरवे. घरी जाताना त्या गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोरच्या खोलीतली मुलगी चहाला आली. ही साहित्यात पदवी घेतलेली, नोकरी शोधणारी. काकूंच्या प्रबंधाची भाषा ती तपासून देत होती. विज्ञान कळत नसे, म्हणून प्रश्न फार विचारत असे.

"हा जो नवा रस्ता घातलात, तो या जंतूत आहे हे कुणी पाहिलंय?"

"नाही."

"मग पुरावा काय?"

"रस्ता घातला की माल पोचतो, हाच पुरावा."

मुलीने कप खाली ठेवला. "आमच्यात याला लेखकाने घुसवलेला योगायोग म्हणतात. नायक बुडत असतो आणि नेमकी तिथे होडी येते."

"अगं, तुमच्यात चालत असेल."

"आमच्यातही नाही चालत, काकू. वाचक पुस्तक मिटतो."

काकूंचा चहा निवला. त्यांना राग आला, आणि तो त्या मुलीचा नव्हता. या मुलीशिवाय हे कुणीच विचारलं नसतं आणि त्यांनाही ते कधी कळलं नसतं, याचा तो राग होता. पडद्यावर सगळं हिरवं होतं. प्रश्न कुठे होता हेच आता दिसत नव्हतं.

त्या मॅडमकडे गेल्या. ठिगळ काढते म्हणाल्या.

"आणि मग?" मॅडमनी चष्मा काढला. "सादरीकरण तोंडावर आलंय. बाहेरचे परीक्षक येणार. सात लाल ठिपके घेऊन उभी राहशील आणि का विचारल्यावर काय सांगशील?"

"शोधून सांगेन."

"नाही सापडलं तर प्रकल्प अर्धवट धरतील. वर्ष जाईल. तूच म्हणाली होतीस, तिसरं वर्ष नाही."

"हो. म्हणाले होते."

"मग?"

काकू जागच्या हलल्या नाहीत. मॅडम चष्मा पुन्हा घालत म्हणाल्या, "सादरीकरणापर्यंत वेळ घे. त्यानंतर मला तुझ्यासाठी काही करता येणार नाही."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी वाकवत होता. ऐकून घेतलं. "ठिगळ लावलं तर पास?"

"हो."

"न लावता नापास?"

"कदाचित."

"आणि हे एका जंतूसाठी."

"सात जंतूंसाठी."

"हां, मग गोष्ट वेगळी," तो म्हणाला. हसला नाही. दांडी मात्र त्याने जरा जास्तच वाकवली. पुन्हा सरळ करावी लागली.

काकू विचार करत राहिल्या. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. माल कुठून येतोय? रस्ता बंद आहे. खाण्यात तो माल नाही. तरी दुकानं भरलेली. असं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. कुठे ते आठवेना.

आठवलं ते कपड्याला चिमटा लावताना. कंपनीतला संप. मोठं गोदाम बंद पडलं होतं. साहेबांचं तोंड उतरलेलं. पण पहिले काही दिवस एकाही दुकानदाराचा फोन आला नाही. सगळीकडे माल पोचत होता. कारण संपाच्या आधी निघालेले ट्रक अजून रस्त्यावर होते. गोदामाला कुलूप होतं, रस्त्यातला माल चालूच होता. फोन नंतर आले. मग मात्र धडाधड आले.

काकू चिमटा तोंडात धरून तशाच समोरच्या खोलीत गेल्या. मुलगी दार उघडून बघतच राहिली.

"शिदोरी!" काकू म्हणाल्या. चिमटा खाली पडला.

"कुणाची?"

"जंतूंची. प्लेटवाला आधी त्यांना भरपूर खाऊपिऊ घालून वाढवतो. त्या खाण्यात सगळं असतं. हे जीवनसत्त्वसुद्धा. मग तिथून उचलून उपाशी प्लेटवर, म्हणजे हे जीवनसत्त्व नसलेल्या प्लेटवर, ठेवतो. पण ते रिकाम्या हाती येत नाहीत! पोटात घेऊन येतात. लागतंही अगदी कणभर. एकाचे दोन होतात, दोनाचे चार, शिदोरी वाटली जाते. पुरेपर्यंत पुरते."

"आणि संपली की?"

"तेच तर बघायचंय."

बघायची पद्धत सोपी होती. उपाशी प्लेटवर वाढलेल्या ठिपक्यातून किंचितसं उचलायचं आणि दुसऱ्या उपाशी प्लेटवर ठेवायचं. तिथून तिसऱ्या. वाटेत कुठेही ते जीवनसत्त्व नाही. शिदोरी असेल तर कुठेतरी संपेल. रस्ता खरंच असेल तर जंतू वाढतच राहतील. सोबत दोन प्लेटा ताळ्याला. एकीवर धडधाकट जंतू, जो कुठेही वाढायला हवा. दुसरीवर तेच सात, पण जीवनसत्त्व घालून. तिथे ते जगायलाच हवेत. नाहीतर ते दुसऱ्याच कशाने मेले असं होईल.

प्लेटवाल्याने ऐकलं आणि म्हणाला, "हे तुम्हीच करा. नाहीतर पुन्हा म्हणाल माझा हात खराब."

काकूंनी आयुष्यात प्लेट धरली नव्हती. त्याने शिकवलं. तारेचं टोक ज्योतीत लाल करायचं. गार होऊ द्यायचं. मग जंतूला टेकवायचं. हलक्या हाताने ओढायचं. काकूंना गार होऊ देणं जमेना. जीव राहीना. पहिल्या खेपेला कुठेच काही उगवलं नाही. सात जंतू नाहीत, आणि धडधाकटही नाही. काकू आनंदाने ओरडायच्या बेतात होत्या.

"थांबा," प्लेटवाला म्हणाला. "हा धडधाकट कसा मेला? याला तर काही झालं नव्हतं."

"का बरं?"

"तुम्ही सगळ्यांना भाजलंत, काकू. गरम तार."

लॅबमधली इतर मुलं आठवडाभर त्यांना विचारत राहिली, "काकू, आज काय भाजलंत?" काकूही उत्तर देत, "तुझं नाक समोर आण, दाखवते."

पुन्हा सुरुवात केली. या खेपेला तार लाल झाली की त्या मनातल्या मनात जुन्या कंपनीतल्या गोदामांची नावं म्हणत. सगळी गोदामं होईपर्यंत तार गार होई.

पहिल्या उपाशी प्लेटवर सातही वाढले. दुसऱ्या प्लेटवर तीन जण किरकोळ दिसायला लागले. ठिपके लहान, कडा विरलेल्या. काकू प्लेट उजेडाकडे धरून उभ्या राहत. प्लेटवाला मागे येऊन उभा राही. चिडका मुलगा, पण आता तोही सकाळी येताच आधी त्यांची प्लेट काढून बघे. तिसऱ्या प्लेटवर चार जण नव्हतेच. त्यांच्या रेघेची जागा स्वच्छ, जणू तिथे कुणी कधी काही ओढलंच नव्हतं. चौथ्यावर आणखी दोन गेले. धडधाकट जंतू मात्र प्रत्येक प्लेटवर गुबगुबीत. आणि जीवनसत्त्व घातलेल्या प्लेटवर सातही सुखरूप.

सहा मेले. मॉडेल म्हणत होतं तसेच मेले, फक्त उशिरा.

सातवा मेला नाही.

चौथ्यावर वाढला. पाचव्यावर वाढला. जरा हळू, पण वाढला. काकूंनी आणखी एक प्लेट केली. त्यावरही. ओळीतल्या शेवटच्या पायरीचं ते जनुक. शिदोरी कधीच संपली असणार. मग हा काय खात होता?

"ठिगळ?" प्लेटवाल्याने विचारलं. या वेळी चिडवत नव्हता.

"कुणीतरी दुसरं प्रथिन ते काम करत असेल. किंवा ज्यावर हे वाढतात त्या बशीतल्या जेलमध्येच कणभर जीवनसत्त्व असेल."

"जेलमध्ये असतं तर बाकीचे का मेले?"

"तेही खरं." काकू प्लेटकडे बघत राहिल्या. "माहीत नाही रे."

मॅडमनी सहा ठिपक्यांचं ऐकून टेबलावर थाप मारली. मग म्हणाल्या, "छान. आता त्या एकाला ठिगळ लाव आणि बाइंडिंगला दे. सहा उलगडलेत, एक चालून जाईल. पण एक लाल ठिपका समोर ठेवलास, तर परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवणार."

काकूंनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे मॅडमना नीट कळलं नाही.

घरी येऊन त्यांनी प्रबंधाचं ते पान काढलं. साहित्यवाली मुलगी शेजारी बसली होती. काकूंनी लिहिलं, "सातवे जनुक काढल्यानंतरही जंतू जिवंत राहतो. याचे कारण आम्हाला माहीत नाही." मुलीने वाचलं. एक स्वल्पविरामसुद्धा सुचवला नाही.

सादरीकरणाच्या दिवशी नवरा दुकान बंद करून आला. मागच्या रांगेत बसला. बाहेरचे परीक्षक वयस्कर होते. डोळे मिटून ऐकत होते. नवऱ्याला वाटलं, झोपले. काकू बोलत होत्या. नकाशा, रस्ते, सात ठिपके, शिदोरी. मग सातवा आला. पडद्यावर लाल ठिपका.

परीक्षकांनी डोळे उघडले.

"हा का जगला?"

"माहीत नाही, सर."

"तुमच्या मॉडेलमध्ये काय होतं?"

"मरतो."

"म्हणजे तुमचं मॉडेल चूक आहे."

"हो सर. या जागी चूक आहे."

मॅडमनी मान खाली घातली. नवऱ्याने चष्मा काढला आणि उगाच पुसायला लागला.

"मग दुरुस्त का नाही केलंत? सगळे करतात."

"केलं होतं. मग मला तो प्रश्नच दिसेनासा झाला. म्हणून काढलं."

परीक्षकांनी समोरचा प्रबंध उलटून ते पान काढलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"प्लेट आणली आहे?"

प्लेटवाला दाराजवळ उभाच होता. टेप लावून बंद केलेली प्लेट त्याने पुढे केली. परीक्षक खुर्चीतून उठले आणि खिडकीपाशी गेले. प्लेट तिरकी धरली. काकू त्यांच्या मागे गेल्या.

"हा हळू वाढतो?"

"हो. धडधाकटापेक्षा हळू."

"गरम खोलीत ठेवून बघितलात?"

"नाही. का?"

"सहज. काढलेल्या जनुकाचं काम करणारं दुसरं प्रथिन असेल, तर त्याला ऊब मानवेल की नाही ते कळेल."

"अय्या," काकू म्हणाल्या. "आणि थंडीत ठेवला तर?"

"तेही बघा की."

प्लेटवाला म्हणाला, "थंड खोली रिकामी आहे. आत्ता लावता येईल."

तिघंही प्लेटवर वाकले होते. मॅडमनी दोनदा खाकरून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "सर, निकालाचं?"

"हं? हो, हो. पास." परीक्षकांनी मागे न बघताच हात हलवला. "यांना पुढे काम करायला जागा द्या, मॅडम. बरं, आता मला सांगा, तुम्ही तार किती वेळ गार होऊ देता?"

मागच्या रांगेत नवऱ्याने चष्मा घातला. शेजारच्या साहित्यवालीला तो हळूच म्हणाला, "काय झालं गं? पास झाली ना ही?"

"झाल्या."

"मग घरी का येत नाहीये?"

तोपर्यंत काकू प्लेट हातात घेऊन वरच्या लॅबच्या जिन्याकडे निघाल्या होत्या.